सरदेशमुखांच्या नावाची अर्चना

भालकीकर काकांचा दिवस इंग्रजी पेपरातल्या निधनवार्तांनी सुरू व्हायचा. पेपरवाला यायच्या आत ते फाटकापाशी हजर असत. अंगात पायजम्यावर जुना निळा स्वेटर, हातात चष्मा. पहिल्या पानावर कोण निवडून आलं, कुठे काय जळलं, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे. आतलं पान उघडायचं, फोटोंवरून बोट फिरवायचं आणि वर माझ्या गॅलरीकडे बघून सांगायचं, "नाही. आहे अजून." मगच काकूंचा चहा त्यांच्या घशाखाली उतरायचा.

विद्यानगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायला आलो तेव्हा मी या शहरात नवी होते. नवऱ्याच्या कंपनीनं त्याला हैदराबादला पाठवलं, त्याच्यामागून मी आले, आणि पुण्याच्या माणसाच्या अंगात असतो तेवढा शहाणपणा सोबत आणला. मला वाटलं, म्हाताऱ्याचा कुणी जिवलग मित्र अंथरुणाला खिळलेला असावा. काकूंना तसं विचारलं तर त्या कोथिंबीर निवडता निवडता हसल्या. "मित्र कुठला गं. दुश्मन आहे. तो मरू नये म्हणून यांचा जीव जायलाय."

दुश्मनाचं नाव यशवंत सरदेशमुख. हवाई दलातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, वीरचक्राचे मानकरी, सिकंदराबादच्या बाजूला फौजी लोकांच्या कॉलनीत बंगला बांधून राहिलेले. आमचे काका म्हणजे माधवराव भालकीकर, स्क्वाड्रन लीडर, निवृत्त, छाती रिकामी. रिकामी म्हणजे अगदीच नव्हे, सगळ्यांना मिळतात ती मेडलं त्यांनाही मिळाली होती. पण ती त्यांनी काकूंच्या शिलाईच्या डब्यात टाकून दिली होती, बटणांच्या सोबतीला.

काकांचे आजोबा निजामाच्या राज्यातले भालकीकडचे शेतकरी, वडील हैदराबादेत नोकरीला. त्यामुळे काकांची मराठी ही उदगीर, भालकी आणि चारमिनार यांनी मिळून शिजवलेली होती. "कायकू एवढी घाई करायलीस, मिरची काय पळून चाललीय का," असं ते मला भाजीवाल्यासमोर म्हणत, आणि भाजीवाल्याशी अस्खलित तेलुगूत भांडत. भांडण हा त्यांचा व्यायाम होता. विजेच्या खात्याशी, शेजारच्या बोअरवेलशी, मराठी मंडळाच्या अध्यक्षांशी. पण ही सगळी किरकोळ भांडणं. खरं भांडण एकच, आणि ते एकाहत्तरच्या लढाईपासून चालू होतं.

ते काय होतं हे मला एका दुपारी कळलं. मी विरजण मागायला खाली गेले तर काका दिवाणखान्यात सतरंजीवर पालथे पडलेले. मी घाबरून काकूंना हाक मारली. काकू कुकर घेऊन आतून आल्या, त्यांना सवयीनं ओलांडून टेबलाकडे गेल्या आणि म्हणाल्या, "काही झालं नाही. ते विमानात आहेत."

मग काकांनी मला पालथ्या अवस्थेतच सगळं सांगितलं. त्या विमानात दोघंच असायचे. पायलट विमान चालवणार आणि नेव्हिगेटर वाट दाखवणार. बाँब टाकायची वेळ आली की नेव्हिगेटरनं विमानाच्या नाकात सरपटत जायचं, काचेवर पालथं पडायचं, आणि तिथून बोलायचं: डावीकडे, अजून डावीकडे, सरळ ठेव. त्याला जमीन दिसते, पायलटला दिसत नाही. पायलट सरदेशमुख, नेव्हिगेटर भालकीकर. खाली शत्रूच्या तेलाच्या टाक्या, आणि खालून तोफा चाललेल्या. नेमका त्या वेळी टाक्यांवर ढग आला.

"मी बघायलो तर खाली काही दिसेना," काका सतरंजीला सांगत होते. "हा वरून ओरडायला लागला, कुठंबी टाक, टाक आणि चल. मी म्हटलं, टाकत नाही. परत फिरव. त्यानं मला आईवरून शिवी घातली. मी म्हटलं, घाल. बटण माझ्या अंगठ्याखाली आहे. बाँब तसेच घेऊन घरी चाललास तर खाली उतरल्यावर कारण तू सांगायचंस."

म्हणून विमान परत फिरलं. तोफा आता वाट बघतच होत्या. ढग सरकला होता. काकांनी अंगठा दाबला आणि त्या टाक्या, त्यांच्याच शब्दांत, "बकरीदच्या शेगडीसारख्या" पेटल्या. परतल्यावर सगळी हकिगत विमानाचा कॅप्टन सांगतो, नेव्हिगेटर ऐकतो, अशी तिथली रीत. सरदेशमुखांनी सांगितलं, पुन्हा फिरायचं मी ठरवलं. काकांनी त्यांच्याकडे बघितलं. संध्याकाळी मेसमध्ये सरदेशमुख त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, काळजी करू नको माधव, तुझंही नाव पाठवलंय. काकांनी विश्वास ठेवला, कारण त्याच माणसाच्या लग्नात त्यांनी अंतरपाट धरला होता. पुढे यादी आली. तिच्यात एकच नाव होतं.

दिल्लीला काकांनी किती अर्ज केले असतील देव जाणे. अलीकडचे मीच टाइप केले, म्हणून मला ठाऊक. दिल्लीकर प्रत्येक वेळी सभ्य भाषेत एकच विचारायचे, त्या वेळी तिथे हजर असलेला कुणी साक्षीदार आहे का. होता ना. एकच होता, तोच चोर. म्हणून काकांना सरदेशमुख जिवंत हवे होते. ते गेले की साक्ष गेली, आणि तेवढंच नाही. "समज उद्या मेडल मिळालं," ते एकदा म्हणाले, "आणि बघायला तो नसला, तर ते मेडल काय मी चाटू?"

सूड घ्यायचा तर माणूस उभा असावा लागतो, हे तत्त्व त्यांनी मोठ्या निष्ठेनं पाळलं. सरदेशमुख बाथरूममध्ये घसरून पडल्याचं कळलं तेव्हा काका दोन घास जेवले नाहीत. नामपल्लीत त्यांच्या ओळखीचा हाडांचा डॉक्टर होता, त्याचा नंबर त्यांनी मंडळाच्या कुणाच्या तरी मार्फत तिकडे पोचवला, आपलं नाव न सांगता. हाड जुळून आल्याचं कळलं तेव्हा त्यांनी गल्लीत इराणी बिस्किटं वाटली. मी म्हटलं, काका, तुम्ही त्यांच्या बायकोपेक्षा जास्त काळजी करता. ते म्हणाले, "तिला काय, तिला पेन्शन आहे."

आमच्या मराठी मंडळाला या वैराची गंधवार्ता नव्हती. मराठी मंडळांना कशाचीच नसते, म्हणून ती टिकतात. दर सव्वीस जानेवारीला प्रमुख पाहुणे सरदेशमुखच. गोरे, उंच, कोटावर वीरचक्र, आवाज असा की मागच्या रांगेतली मुलंही गप्प बसत. ते दरवर्षी तीच हकिगत सांगायचे, आणि काका दरवर्षी पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर जाऊन बसायचे. टाळी वाजवायची नाही, पापणी हलवायची नाही. मी एकदा शेजारी बसले होते. हकिगत ढगापर्यंत छान रंगली. मग "त्या क्षणी मी ठरवलं" हे वाक्य आलं आणि त्या वाक्याला सरदेशमुखांचा आवाज खाली बसला. त्यांनी पाणी मागितलं. काकांनी माझ्याकडे वळून, लग्नातलं जेवण आवडल्यासारखं, समाधानानं मान हलवली.

अर्चनेचं मला सगळ्यात शेवटी कळलं. इकडच्या देवळांत तिकीट काढून पुजाऱ्याला नाव, गोत्र, नक्षत्र सांगायचं, मग तो आपल्या नावानं देवाला साकडं घालतो आणि नारळ फोडून एक कवड हातात देतो. काकांचा गुडघा दुखायला लागला तेव्हा शनिवारी त्यांना चिक्कडपल्लीतल्या बालाजीच्या देवळात न्यायचं काम माझ्या गाडीकडे आलं. काका देवभोळे नव्हते, घरात साधी उदबत्तीसुद्धा काकूच लावायच्या, म्हणून मी कौतुकानं शेजारी उभी राहिले. पुजाऱ्यानं नाव म्हटलं ते यशवंत सरदेशमुख. गोत्र बरोबर म्हटलं, अंतरपाट धरताना ऐकलेलं. आयुष्य, आरोग्य, सगळं त्यांच्यासाठी मागून झालं. पुजारी बिचारा काकांना फार मानायचा. भावासाठी इतकी वर्षं कोण करतं, असं तो मला तेलुगूमिश्रित हिंदीत म्हणाला. पहिल्यांदा त्यानं नक्षत्र विचारलं होतं म्हणे. काकांनी उत्तर दिलं होतं, "लोहे का आदमी है, कुछ भी लगा दो."

गाडीत बसल्यावर मी हसून हसून बेजार झाले. काका हसले नाहीत. म्हणाले, "बजरंगबलीकडे गेलो असतो, पण तो ब्रह्मचारी, त्याला वैर काय समजणार. हा संसारी आहे."

आता यात एक गोम होती, जी काकांच्या ध्यानात आली नाही. सरदेशमुखांची सून सुजाता तेलुगू, आणि तिचं माहेर चिक्कडपल्लीतच. ती एका शनिवारी आईबरोबर त्याच देवळात आली आणि रांगेत उभी असताना तिनं आपल्या सासऱ्याचं नाव गोत्रासकट ऐकलं. समोर बघते तर मंडळात दिसणारे भालकीकर अंकल, हात जोडून, डोळे मिटून. तिनं घरी जाऊन सांगितलं. आणि सरदेशमुखांनी त्याचा जो अर्थ काढला, तो काकूंनी किंवा मी कधीच काढला नसता. त्यांना वाटलं, माधवनं आपल्याला क्षमा केली.

दसऱ्याच्या संध्याकाळी ते आले. इकडे दसऱ्याला जम्मीची, म्हणजे शमीची, पानं देऊन गळाभेट घेतात, आम्ही आपट्याची देतो, आमच्या गल्लीत दोन्ही चालतात. मी काकूंना सोनं द्यायला खाली आले होते. फाटकाशी गाडी थांबली, मुलाच्या हाताला धरून सरदेशमुख उतरले, मुलाला त्यांनी गाडीतच बसायला सांगितलं आणि काठी टेकत एकटे पायऱ्या चढले. हातात पानं. काका खुर्चीतून उठले नाहीत.

सरदेशमुखांचे डोळे भरले होते. खोटं का बोलू, ते रडू खरं होतं. सूनबाईनं सांगितलं, म्हणाले, मी तुझ्याशी असा वागलो आणि तू माझ्यासाठी देवापुढं उभा राहतोस. दिल्लीला साक्ष द्यायला मी तयार आहे, उद्याच्या उद्या. काकूंनी हातातलं तबक टेबलावर ठेवलं आणि त्या भिंतीला टेकल्या.

"काय सांगशील दिल्लीला?" काकांनी विचारलं.

"आपण दोघांनी मिळून ठरवलं, असं सांगतो. तेवढ्यावर तुझं काम होईल, मी चौकशी केलीय."

"दोघांनी."

"माधव, नातवंडं आहेत रे मला. त्यांनी शाळेत भाषणं केलीत माझ्यावर. या वयात आता एवढ्यावर मिटवू."

काका त्यांच्या कोटाकडे बघत राहिले. मेडल त्या दिवशी नव्हतं, पण ते जिथे असतं तिथेच ते बघत होते. मला वाटलं, घेतील. घ्यावं, असंच मला वाटत होतं. काकू तर ओठांतल्या ओठांत घ्या, घ्या म्हणत असाव्यात.

"नक्को," काका म्हणाले. "अर्धं नक्को मला. आणि अर्चनेचं म्हणशील तर नीट ऐक. तू मेलास तर खरं बोलणारा कुणी राहत नाही, म्हणून करायलो. तू जगायचंस. शुद्धीवर, कान शाबूत ठेवून जगायचंस. आता जा."

सरदेशमुखांचा चेहरा मी विसरणार नाही. कुणीतरी देवाच्या नावानं आपला गळा धरला आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. पानं देण्यासाठी पुढं केलेला हात त्यांनी मागं घेतला आणि काठी शोधू लागले. काठी मीच त्यांच्या हातात दिली. खरं सांगते, मला त्यांची कीव आली नाही. बरं वाटलं. आणि मला बरं वाटलं याची भीती वाटली.

काकू दिवाळीपर्यंत काकांशी बोलल्या नाहीत. मला मात्र स्वयंपाकघरात बोलावून त्यांनी पहिल्यांदाच मन मोकळं केलं. "अर्धं काय, पाव दिलं असतं तरी मी घेतलं असतं. रोज जेवायला आम्ही तिघं बसतो गं, हे, मी आणि तो सरदेशमुख. मेडल आलं असतं तर तो उठून गेला असता." मी त्यांच्याबरोबर अनारशाचं पीठ मळत बसले.

काकांनी अर्चना बंद केली नाही. उलट आता त्यांनी तिला धार लावली. शनिवारी सुजाता देवळात दिसली की ते फोडलेल्या नारळाची कवड तिच्या हातात द्यायचे आणि गोड आवाजात म्हणायचे, "सासऱ्यांना द्या. माझ्याकडून." ती पोरगी साधी, मोठ्यांचा मान राखणारी, नाही म्हणणार कशी. घरी न्यायची. एकदा ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आंटी, मामय्यगारू वो नारियल खातेच नै. सामने रख के बैठते. शनिवार आया के उनकू नींद नै."

मी गाडीत काकांना म्हटलं, आता पुरे करा. तुम्ही त्या माणसाला हळूहळू मारताय. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मारत नाही, पोरी. मारायचं असतं तर अर्चना थांबवली असती."

मेडल आलं नाही, हे आधीच सांगून टाकते. सगळ्याच्या शेवटी सरदेशमुखांच्या मुलानं वडिलांची साक्ष पाठवली, दिल्लीहून पोच आली, त्यापुढं काही नाही. ज्यांना या गोष्टीचा शेवट छातीवर टाचलेला हवा असेल त्यांच्यासाठी माझ्याकडे काही नाही.

त्या दसऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात काकांची छाती भरली. न्यूमोनिया म्हणाले, मग हृदयही थकलंय म्हणाले. दवाखान्यात नाकात प्राणवायूची नळी लावून ते पडून असायचे आणि पेपर मी वाचून दाखवायची, तेच एक पान. शनिवार आला तसे ते बेचैन झाले. माझा हात धरून म्हणाले, "तू जा. नाव-गोत्र पाठ आहे ना?" मी गेले. ज्या माणसाला मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याच्या आयुष्यासाठी मी बालाजीपुढं हात जोडून उभी राहिले, आणि गंमत म्हणजे अगदी मनापासून मागितलं. मागं सुजाता होती. अंकल कुठे आहेत, तिनं विचारलं. मी सांगितलं. कवड तिच्या हातात ठेवली आणि कसे आहेत तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरदेशमुख आले. चाकाच्या खुर्चीत, मुलगा मागून ढकलत होता, आणि सोबत कॉलेजात जाणारी नात. दसऱ्याला ज्या नातवंडांचं कारण पुढं केलं होतं, त्यांतल्याच एकीला घेऊन आले होते. काकूंनी उठून त्यांना जागा करून दिली. कुणी कुणाची विचारपूस केली नाही.

सरदेशमुख खाली मान घालून पुटपुटले, की त्या दिवशी परत फिरायचं त्यांनी ठरवलं नव्हतं.

काकांनी डोळे उघडले. नळीतून शब्द काढायला त्यांना त्रास होत होता. "मोठ्यानं," ते म्हणाले.

सरदेशमुखांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

"माझं सोड. पोरीला ऐकू गेलं नाही."

नात घाबरून कधी आजोबांकडे, कधी बापाकडे बघत होती. तिला मराठी कळत होतं. सरदेशमुखांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि मग त्या माणसाचा तो आवाज, सव्वीस जानेवारीचा, मागच्या रांगेपर्यंत जाणारा, अख्ख्या मजल्यावर घुमला. "मी घाबरलो होतो. कुठंही टाक आणि चल, असं मी म्हणालो. परत फिरायला यानं लावलं. खाली उतरल्यावर मी खोटं बोललो, आणि आजपर्यंत खोटंच बोलत आलो." शेजारच्या खोलीतले लोक दारात येऊन उभे राहिले. नर्स धावत आली आणि तेलुगूत ओरडली, की हा दवाखाना आहे. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. नातीनं आजोबांच्या खुर्चीवरचा हात काढून घेतला होता. ते सरदेशमुखांनी पाहिलं, आणि काकांनीही पाहिलं.

मग सरदेशमुख पुढं वाकले आणि त्यांनी हात पुढं केला. काकांचा हात चादरीवर होता, सलाइनची सुई टोचलेला, निळा पडलेला. काकू कळवळून म्हणाल्या, "अहो, द्या ना आता." काकांनी तो हात हळूहळू, सुई ओढली जात होती तरी, चादरीच्या आत नेला आणि आतच ठेवला. डोळे मात्र उघडे होते, सरदेशमुखांच्या तोंडावर रोखलेले, आणि इतक्या वर्षांत त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.